टेपला 'हं' म्हणायचं नाही

अंबाजोगाईत मेडिकल दुकानाच्या वरच्या खोलीत मी इंग्रजीचा वर्ग घेते. परदेशी नोकरीसाठी जी परीक्षा लागते, तिची तयारी. येतात बहुतेक नर्स मुली. वाचायला, लिहायला अडत नाही. आपटतात त्या ऐकण्याच्या पेपरात. टेप एकदाच वाजते. शब्द हुकला की हुकला.

आमच्याकडे ऐकणारा गप्प बसत नाही. समोरचा बोलतोय तोवर 'हं, हं' करायचं. न करणारी बाई शेफारलेली ठरते. पोरी हेडफोन लावूनही टेपमधल्या बाईला हुंकार द्यायच्या आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जायचं. मी पट्टी टेबलावर आपटायची.

"हं म्हणू नका. ती तुमची सासू नाही!"

हसायच्या आणि पुन्हा 'हं'. शेवटी सांगितलं, घरीही सराव करा. कुणीही बोलो, तोंड मिटून ऐकायचं.

त्यातली एक तेलगावला दिलेली. नवरा मारायचा. परीक्षा पास झाली की ती परदेशी जाणार आणि त्याच्या हातातून सुटणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. सराव तिनं मनावर घेतला. पुढच्याच आठवड्यात डाव्या कानात कापूस घालून आली.

"काय झालं?"

"ते बोलत होते, मी हं केलं न्हाई. म्हणले, मी काय भिताडासंगं बोलायलो का? अन् कानाखाली दिली. रक्त आलं. पडदा फाटलाय, मॅडम."

"चल पोलिसात."

"आधी परीक्षा. मग कुठं बी चला."

मी तिचा हेडफोन उजव्या कानावर सरकवला आणि टेप लावली.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी पूर्ण पेपर सोडवायला बसवलं होतं. टेप सुरू असताना तिचा नवरा जिना चढून आला, दाराला लाथ घातली.

"ऊठ. लई झाली तुझी नाटकं."

ती लिहीत राहिली. त्यानं वेणी धरून तिचं डोकं बाकावर आपटलं. नाकातून रक्त आलं. तिनं पदरानं पुसलं आणि पुढचं उत्तर लिहिलं.

"ऐकू येत न्हाई का तुला?"

मागच्या बाकावरची उमापूरची पोरगी म्हणाली, "दाजी, पडदा तुमीच फाडलाव. कसं येईल?"

तो तिच्यावर धावला. मी पाण्यानं भरलेला स्टीलचा जग उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. पुन्हा हाणला. तो गुडघ्यावर आला तशा पोरी तुटून पडल्या. बेफाम झालेल्या पेशंटला आवळून धरायची त्यांना रोजची सवय. एक पायांवर बसली, एकीनं हात पिरगाळून पाठीशी नेला. तो आईवरून शिव्या देत होता. कुणीही 'हं' म्हटलं नाही.

मी टेपकडे वळले.

"बंद करू नका, मॅडम," ती मान वर न करता म्हणाली.

टेप संपली. तिनं पेन ठेवलं. "आता पोलिसाला फोन लावा."

परीक्षा ती पास झाली. आता परदेशातल्या रुग्णालयात आहे. रविवारी फोन करते. मी बोलत असते आणि पलीकडून चकार शब्द नाही. पहिल्यांदा वाटलं, फोन कट झाला.

"ऐकतेस ना गं?"

"ऐकायले, मॅडम. बोला."