दाजींच्या गाडीचा रेडिएटर

पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या हातांकडे. गॅरेजच्या दारातल्या नळाशी एक उंच माणूस कोपरापर्यंत फेस करून हात धूत होता, आणि शेजारच्या बादलीत त्याने पाने-पकडी अंघोळीला बसवल्या होत्या. वडिलांचं गॅरेज गळ्यात पडलं म्हणून तो मेकॅनिक झाला; सगळं आयुष्य गाड्यांखाली गेलं, पण ग्रीसची किळस काही गेली नाही. भाचरांनी त्याचं नाव ठेवलं साबणमामा, आणि मग सगळी गल्लीच त्याला मामा म्हणू लागली.

त्या रविवारी त्याच्यापुढे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची, दाजींची, जुनी गाडी उभी होती. गोल दिव्यांची, डबीएवढी. जवळच्या दवाखान्यातली नर्स ती विकत घेणार होती. रात्रपाळी संपवून एकटीने पायी यायची तिला भीती वाटे. "मामा, गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली होती. "तुम्ही हो म्हणालात तरच घेते."

"नुसतं वरवर बघा हो," दाजी सांगत होते. "रेडिएटर कशाला काढताय? गळत होता, आता थेंब पडत नाही."

"कोणी दुरुस्त केला?"

"आपोआप थांबला."

आपोआप थांबलेली गळती मामाने आजवर पाहिली नव्हती. इंजिन गार होतं. त्याने झाकण फिरवलं आणि झटकन मान मागे घेतली.

"दाजी, आत काही मेलंय का?"

"जुनी गाडी आहे. वास यायचाच."

मामाने खाली घमेलं सरकवलं. या गाडीत रेडिएटर एका कडेला, चाकाजवळ खुपसलेला. खालच्या नळीच्या क्लिपपाशी जेमतेम दोन बोटं पोचतात, तीही गाडीखाली उताणं पडून. क्लिप सैल झाली, नळी सुटली. तपकिरी पाणी बदबद पडलं, मागोमाग पांढुरका, बुळबुळीत लगदा आला, आणि त्याची एक तार मामाच्या हनुवटीवरून कॉलरच्या आत उतरली.

तो नळाकडे धावला. आधी ओकला, मग मान धुतली, मग पुन्हा साबण लावून धुतली. नाकाला रुमाल बांधून परत आला, बोल्ट काढले, रेडिएटर वर ओढून घमेल्यात उपडा केला. नळ्यांमधून शिजून कुजलेले तुकडे गळायला लागले.

"अंडी," मामा म्हणाला. "किती फोडलीत?"

"पांढरंच घातलं. त्याने भोक बुजतं म्हणे."

"बुजलं की. सोबत सगळ्या नळ्याही बुजल्या. इंजिन तापून बसेल, आणि तेही तिला भररस्त्यात सोडून."

"तोवर गाडी तिची झालेली असेल." दाजी हसले. "बहिणीकडे बघून तरी गप्प बसा."

घमेल्यातलं परवडलं, ते साबणाने निघतं, असं मामाला वाटलं.

"माझ्याकडे बघून काय?" बहीण चहा घेऊन दारात उभी होती, नाक दाबून. "दादा, काय सडलंय इथे?"

"तुझ्या घरातली अंडी."

ती वाकून घमेल्यात बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"आणि मी सासूबाईंवर आळ घेतला. डॉक्टरांनी बंद केली तरी चोरून खातात म्हणून. कपाटाला कुलूप घातलं. त्या बिचाऱ्या न जेवता झोपल्या, आणि तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात."

"आईने खाल्ली असं मी कुठे म्हणालो?"

"दादा," बहीण म्हणाली, "माझ्याकडे बघून गप्प तर मुळीच बसू नकोस."

संध्याकाळी नर्स आली, तेव्हा दाजी आणि बहीणही तिथेच होते. मामाने घमेलं ओतून टाकलं नव्हतं. ते तिच्यापुढे सरकवलं आणि तोंड फिरवलं. "मी हो म्हणत नाही," तो म्हणाला.

तिने शांतपणे आत पाहिलं. "वॉर्डात याहून वाईट बघते मी. नवा रेडिएटर बसवला तर?"

"तर हो."

"मग तो तुमचे दाजी आणून देतील."

दाजींनी बायकोकडे पाहिलं आणि स्पेअर पार्टच्या दुकानाची वाट धरली.

गाडी आता नर्सकडे आहे, आणि मामा तिची देखभाल करतो. रविवारी तो बहिणीकडे जेवायला जातो. ताटात अंडं मात्र घेत नाही.