जोडमामांचा फाळका

जोडमामा गाडीची वायर आधी जिभेला लावत आणि मग डोळ्याला चष्मा. बॅटरीपासून सोडवलेली, गंज चढलेली पिन ते जिभेच्या टोकाने अलगद चाटत, डोळे मिटत, तांब्यातलं पाणी घेऊन खळखळून चूळ भरत आणि निकाल देत. "खारट लागला तर मासळीची गाडी. आंबट लागला तर बॅटरीचा पाणी सांडलाय. नि कडू लागला तर समजायचा, मालक कटकट्या हाय." शेवटचं वाक्य म्हणताना ते आमच्या अण्णांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, हमखास बघत. अण्णा वर्तमानपत्र आणखी उंच धरत.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी कऱ्हाडची, लग्न होऊन रत्नागिरीत आले. गावाबाहेर हातखंब्याच्या रस्त्यावर आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड, एक टेबल आणि एक फोन. आमचा ट्रक एकच, तोही कुणीतरी वापरून वापरून दमल्यावर अण्णांनी घेतलेला. फोनवर अण्णा दोन वाक्यांत भांडण काढत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. शेजारच्या शेडमध्ये, काजूच्या झाडाखाली, जोडमामांचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान होतं. ते मूळचे हेदवीकडचे, आणि सख्खे मामा कुणाचेच नव्हते. तरी बंदरावरचे मासळीवाले, आंब्याचे बागायतदार, झाडून सगळे त्यांना मामाच म्हणत.

नावातला 'जोड' मात्र त्यांनी कमावलेला होता. वायरीला वायर जिथे मिळते ती जागा, म्हणजे पिन, सॉकेट, कपलर, हे सगळं त्यांच्या भाषेत जोड. "वायर बिघडत नाय गो सूनबाई, बिघडतो तो जोड. माणसांचापण तसाच," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं आणि पुढे इतक्या वेळा ऐकवलं की ते "वायर" म्हणाले की मागून मामी उरलेलं वाक्य पुरं करत. दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणाऱ्या कारागिरांवर त्यांचा दात होता. "पिळलेला जोड म्हणजे गरजेपुरता पावणा. घरात गोड बोलतो नि घाटात पाठ फिरवतो."

मामा विनयशील वगैरे अजिबात नव्हते. स्वतःचं कौतुक ते स्वतःच करत आणि पुरेसं झालं नाही असं वाटलं तर माझ्याकडून करवून घेत. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून ट्रकखाली शिरत आणि पाठीला ग्रीसचा नकाशा घेऊन बाहेर येत. चूकही दणक्यात करत. एकदा राजापूरच्या एका ट्रकचा उजवीकडचा सिग्नल दिला की हॉर्न वाजायला लागला, तेव्हा जमलेल्या लोकांना त्यांनी शांतपणे सांगितलं, "मुद्दाम केलाय. वळताना लोक बाजूला व्हायला नकोत?" आणि गंमत म्हणजे तो ड्रायव्हर तसाच खुशीत गेला.

त्यांच्या शेडमध्ये भिंतीला टेकून एक फाळका उभा होता. भंगारात निघालेल्या एका ट्रकचं ते मागचं लाकडी झडप, पुरुषभर लांब. जुन्या ट्रकांचं वायरिंग म्हणजे दहा कारागिरांनी दहा तऱ्हेने केलेलं. त्याचा नकाशा कुणाकडे नाही, आणि वायरींचे रंग उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने उडून सगळ्या सारख्याच मातकट झालेल्या. अशा गाड्या एकेक करून भंगारात चालल्या होत्या. मामांनी मनावर घेतलं होतं की त्या जायच्या आत त्यांच्यातला एकूण एक प्रकारचा जोड या फाळक्यावर लागला पाहिजे. दोन्ही बाजूंना वीतभर वायर ठेवून ते तो कापून आणत आणि खिळ्याला टांगत. कुठे जुनी गाडी मोडायला काढलीय असं कानावर आलं की हातातलं काम टाकून पहिली एसटी पकडत. मागे राहिलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालायचं काम अर्थात माझं.

माझं अक्षर बरं म्हणून प्रत्येक जोडाखाली पांढऱ्या रंगाने नाव लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. मला वाटलं, काहीतरी कारखान्यातली नावं असतील. मामा म्हणाले, "लिही, जावईबापू. एकदा बसला की हलत नाय." त्याच्या शेजारी विहीणबाई, जरा हिसका बसला की निसटणारी. डॅशबोर्डमागचा मोठा कपलर, ज्याच्यातून गाडीतल्या सगळ्या वायरी जातात, ती थोरली जाऊ. दिसायला मजबूत आणि आतून कधीच न चिकटणारा एक होता, त्याला त्यांनी पुढाऱ्याचं नाव ठेवलं. मी घाटावरची, मला नात्यांच्या या बारकाव्यांची सवय नव्हती. पण महिनाभरात मीही फोनवर सांगायला लागले, "मामा कामात आहेत. तुमचं काय गेलंय? विहीणबाई की जावई?" आणि पलीकडून बरोबर उत्तर यायचं.

फाळक्यावरचा जोड मात्र मागायचा नाही. एका गॅरेजवाल्याने अगदी अडलाय म्हणून एक मागितला, तर मामा म्हणाले, "देवळातली घंटा मागतोस काय रे मेल्या, घरी वाजवायला?" त्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी बाजार पालथा घालून नवा जोड मिळवून दिला, पण खिळ्यावरचा दिला नाही.

आणि मग ती खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. मामा झेंडू आणायला बाजारात गेले होते. मामींनी घरातल्या समया, तांब्या, घंगाळ सगळं आमसुलाने घासून लखलखीत केलं होतं. आमसूल थोडं उरलं. मामींना वाटलं, देवाची भांडी चमकतात मग ज्याच्यावर आपण जेवतो त्याने का काळं राहावं? त्यांनी फाळक्यावरचा एकूण एक जोड काढला, आमसुलाने चोळला, पाण्यातून काढला, उन्हात कडकडीत सुकवला, वर खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि नाव बघून पुन्हा ज्याच्या त्याच्या खिळ्याला अडकवला. मामा आले तेव्हा फाळका सोन्याचा झाला होता.

मामांच्या हातातले झेंडू खाली पडले. कुठला जोड कुठल्या गाडीतला हे ते त्याच्यावरच्या गंजावरून, हिरव्या कळंकावरून आणि चवीवरून ओळखत. त्यांनी एक जिभेला लावला, दुसरा लावला, तिसरा लावला. "आंबट! सगळ्या गाड्या आंबट केल्यान हिने!" मामी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मग काय झाला? सोलकढी समजा." मला हसू आवरेना म्हणून मी फोन वाजल्याचं निमित्त करून ऑफिसात पळाले. मामा पुढचे कित्येक महिने मामींशी फक्त माझ्यामार्फत बोलत. "सूनबाई, तिला विचार, आज आमटीत पण आमसूल घातलान काय."

आमच्याकडे तेव्हा वेगळंच शिजत होतं. आदल्या हंगामात ट्रक दोनदा वाटेत बसला होता, आंबा पिकून गळला होता आणि बागायतदार बोलून गेले होते. अण्णांनी बजावलं की येत्या हंगामात एक जरी फेरी चुकली तर गाडी भंगारात. अण्णा बोलले की ते व्हायचंच. आणि गाडी गेली की आमच्या ह्यांनी, ट्रक तेच चालवायचे, मुंबईला कुणाच्या तरी कंपनीत नोकरी धरायची, हेही घरात ठरून गेलं होतं. आजूबाजूच्या घराघरांतले पुरुष मुंबईत होते, गणपतीला आणि शिमग्याला येत. मला तसं नको होतं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, मला माझा माणूस रोजच्या जेवणाला समोर हवा होता. हे मी कुणाला बोलले नाही, पण त्या हंगामात ट्रक बाहेर पडला की मी फोनकडे बघत बसायची.

भर हंगामात एका सकाळी पेट्या भरून ट्रक ऑफिससमोर उभा होता. ह्यांनी चावी फिरवली आणि डॅशबोर्डमागून धूर आला. बॅटरीची वायर ह्यांनी उपटली म्हणून गाडी वाचली, पण आतली वायरींची सगळी जुडी जळून एक काळा गोळा झाला होता. त्यातले जोड वितळून गेले होते. ढकलून इंजिन चालू झालं असतं, पण दिव्यांशिवाय रात्री घाट कोण उतरणार? नवे जोड या गाडीला बसत नव्हते. जुने कोल्हापुरातून शोधून आणेपर्यंत आंबा पेटीतच पिकला असता. अण्णा एवढंच म्हणाले, "झाली गाडी." ह्यांनी मान खाली घातली. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही.

मामा गाडीत वाकून सगळं बघून बाहेर आले. थेट शेडमध्ये गेले आणि फाळक्यासमोर उभे राहिले. मी मागोमाग गेले, पण मागायची हिंमत होईना. मामी दारात होत्या. त्याही गप्प होत्या, आणि मामी गप्प म्हणजे प्रसंग गंभीर. मग मामांनी हात वर केला आणि पहिली थोरली जाऊ खिळ्यावरून काढली. "सूनबाई, बघत काय ऱ्हायलीस? नावं वाचून एकेक माझ्याकडे दे. नि त्यांच्यावर रडू नको, जोड भिजतील."

दिवसभर ते गाडीत उलटेसुलटे होऊन काम करत होते. अण्णांनी स्वतः बाजारात जाऊन नव्या वायरीची वेटोळी आणली. मी फाळक्यापाशी उभी राहून नावं पुकारायची, मामी जोड पुसून पुढे द्यायच्या, आमचे हे तो घेऊन मामांच्या हातात ठेवायचे. "जावईबापू!" "आला!" "विहीणबाई!" "तिला वाईच सांभाळून!" लग्नघर असावं तसा गलका. रस्त्याने जाणारे ड्रायव्हर थांबले ते थांबलेच. आमसुलाने घासलेला एकेक जोड खट् आवाज करून असा बसत होता की मामांना राहवेना. गाडीखालून त्यांचा आवाज आला, "गंज असता तर आज अर्धे धरले नसते. कोणीतरी तिला सांगा." मामी शेजारीच उभ्या होत्या. "ऐकू आला हो," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत चहा ठेवायला गेल्या. पुढे त्यांच्यात मध्यस्थ लागला नाही.

ऊन कलताना ह्यांनी चावी फिरवली. पुढचे दोन्ही दिवे लागले. मागचे लागले, डावा सिग्नल, उजवा सिग्नल, केबिनमधला गणपतीपुढचा तांबडा बल्बसुद्धा. अण्णांनी, कधी नव्हे ते, टाळी वाजवली. ट्रक हातखंब्याकडे वळून दिसेनासा झाला आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत आंबा मुंबईत होता. गाडी भंगारात गेली नाही. हे नोकरीला मुंबईला गेले नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षं ते माझ्यासमोर जेवायला बसले आणि भाकरी जाड झाली म्हणून तक्रार करत राहिले.

रिकाम्या फाळक्यावर नुसते खिळे आणि माझं अक्षर राहिलं होतं. मी म्हटलं, "मामा, पुन्हा जमवू या." तर म्हणाले, "कशाला? सगळे एकत्र नांदतायत. आता भिंतीवर बघून काय करू? माझा फाळका मुंबई बघून येतो." खरंच त्यांनी पुन्हा एक जोड टांगला नाही. ट्रक परत आला की मात्र गाडीखाली डोकं घालून घरातल्यांची चौकशी केल्यासारखी एकेकाची विचारपूस करत.

आता मामा नाहीत, मामी नाहीत, तो ट्रकही नाही. पण निरोप म्हटलं की मला ते गेल्याची बातमी आठवत नाही, ते दुकान बंद करून गावी गेले तो दिवस आठवतो. मामांची नजर अधू झाली होती. सामान आमच्याच ट्रकमध्ये भरलं आणि आम्ही दोघं त्यांना सोडायला हेदवीकडे गेलो. घरासमोर सामान उतरल्यावर मामांनी भर दुपारी ह्यांना गाडीचे सगळे दिवे लावायला सांगितले आणि हाताने चाचपत गाडीभोवती एक फेरी मारली. प्रत्येक काचेवर तळवा ठेवून ऊब लागते का ते बघितलं. "सगळे हायत," ते मामींना म्हणाले. मग खिडकीशी येऊन ह्यांना म्हणाले, "जाताना बंद करू नको हां."

रस्ताभर ऊन रणरणत होतं. समोरून येणारा प्रत्येक एसटीवाला, प्रत्येक ट्रकवाला हाताची मूठ उघडझाप करून सांगत होता, दिवे चालू राहिलेत. हे प्रत्येकाला हात करत होते, मी रडत आणि हसत होते, आणि रत्नागिरी येईपर्यंत ह्यांनी बटणाला हात लावला नाही.