मॉब म्हणजे कोण?

सावेडीतल्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. एका धड्यात ‘मॉब’ हा शब्द आला, तेव्हा मी मुलांना त्याचं मूळ सांगितलं. लॅटिनमध्ये ‘मोबिले वल्गस’ म्हणजे चंचल सामान्यजन, वारा येईल तसे फिरणारे लोक. त्यातला सुरुवातीचा तुकडा घेऊन इंग्रजांनी ‘मॉब’ केलं. खिशातला मोबाईलही त्याच मुळाचा, हे ऐकून वर्ग हसला. मीही हसले.

त्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीत तांदूळवाल्या मावशी आल्या. भाताची काढणी झाली की दरवर्षी त्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातून एसटीने यायच्या आणि दारोदार तांदूळ विकायच्या. या वेळी सोबत लहान नात होती. मुलं पळवणाऱ्या बायकांची टोळी शहरात आल्याचा मेसेज तेव्हा ज्याच्या त्याच्या मोबाईलवर फिरत होता. नात कशावरून तरी रडायला लागली आणि कुणीतरी म्हणालं, “ही पोर हिची वाटत नाही.”

मी कॉलेजातून परतले तेव्हा गर्दीने मावशींना आमच्या गेटपाशी धरलं होतं. कपाळातून रक्त येत होतं, तांदूळ रस्त्यावर सांडला होता. मी मध्ये शिरले. “अहो, या आपल्या तांदूळवाल्या. ओळखत नाही का तुम्ही?”

समोरचे काका मोबाईलवर शूटिंग करत होते. त्यांच्या घरी कित्येक वर्षं हाच तांदूळ शिजत होता. “खात्री केलेली बरी, मॅडम,” ते म्हणाले.

पोलीस आले, गावच्या पोलीस पाटलांशी फोनवर बोलले आणि मावशींना सोडलं. तोवर गर्दी पांगली होती. तांदूळ आम्ही दोघींनीच गोळा केला.

‘वल्गस’ म्हणजे अडाणी, हातावर पोट असलेली माणसं, असंही मी वर्गात सांगितलं होतं. त्या गर्दीत तर बँकेतले साहेब होते, निवृत्त शिक्षक होते.

उन्हाळ्यात मी अकोल्याकडे गेले आणि विचारत विचारत मावशींचं घर गाठलं. त्यांनी चहा केला.

“तुमच्यावर राग न्हाई, बाई,” त्या म्हणाल्या. “पन त्या समद्यांना मी वळखत हुते. कुनाला भात मऊ लागतो, कुनाला मोकळा, मला ठावं हुतं.”

मी तांदूळ मागितला. त्यांनी मापून दिला, वर एक मूठ घातली.

“या वर्षी याल ना?”

त्यांनी अंगणातल्या नातीकडे पाहिलं. “एसटी दिसली तरी लपती ही.”

त्या परत कधी सावेडीला आल्या नाहीत. गल्लीत कुणी त्यांच्याबद्दल विचारलंही नाही.