खुणा बंद

केसरला ऐकू येत नाही हे जनीला कळलं, ते तिच्या हातून तवा निसटला तेव्हा. तीन वर्षांची पोर चुलीकडे पाठ करून सुपातल्या जवळ्यातला कचरा वेचत बसली होती. तवा पाट्यावर आपटला तसं शेजारचं मांजर उडी मारून पळालं. केसरनं मानही वर केली नाही. जनीनं तवा उचलला आणि या वेळी मुद्दाम, जोरात आपटला. पोर जवळा निवडतच राहिली.

ही गोष्ट एकावन्न सालची, अलिबागजवळच्या साखर गावातली. जनी तिथल्या कोळीवाड्यात राहायची. तिचा नवरा हरेश्वर आणि त्याचा भाऊ यांची मिळून एक होडी होती. हरेश्वर मासे आणायचा, जनी ते अलिबागच्या बाजारात विकायची, उरलेले सुकवायची. केसर ही त्यांची एकुलती मुलगी. दीड वर्षांची असताना तिला मोठा ताप आला होता. त्याआधी ती ‘आय’ म्हणायची. तापातून उठली आणि गप्प झाली. ‘अशक्त झालीय, बोलेल’ असं सगळे म्हणत होते, आणि जनीनंही ते मानलं होतं.

मग भगत झाला, देवीला नवस झाला, नागावच्या वैद्याचं तेल कानात घालून झालं. काही फरक पडला नाही. पण तोवर मायलेकींचं आपलं आपलं एक बोलणं सुरू झालं होतं. तळहात आडवा धरला की पापलेट. मिशीला पीळ दिला की बापूस. दोन्ही हात डोक्यावर नेऊन टोपली धरल्यासारखं केलं की बाजार. रोज एखादी नवी खूण निघायची. केसर तर इतक्या भरभर हात हलवायची की शेजारच्या ठमाबाई म्हणायच्या, “जने, तुझी पोर मुकी न्हाय, बडबडी हाय.”

हरेश्वरला मात्र ते पुरत नव्हतं. पोरीनं हाक मारावी, दर्यावरून आल्यावर ‘बा’ म्हणत धावत यावं, असं त्याला वाटायचं. मुंबईला मासळी घेऊन गेला असताना एका व्यापाऱ्यानं त्याला धुरू मास्तरांचं नाव सांगितलं. विलायतेत शिकून आलेले, गिरगावात बसतात, मुक्यांना बोलतं करतात. हरेश्वर त्या दिवशी घरी आला तो मासळीनं भरलेली होडी घेऊन आल्यासारखा.

जनीनं पोरीला न्हाऊ घातलं, स्वतःचं ठेवणीतलं लुगडं नेसली. एसटीनं रेवस, रेवसहून लाँचनं भाऊचा धक्का, तिथून ट्राम. मास्तरांच्या माडीवर चार-पाच आईबाप आपापली मुलं घेऊन बसले होते. जनी बसली तशी शेजारची बाई मासळीचा वास आल्यासारखी जरा सरकली. जनीनं पदर आवळून घेतला.

मास्तर माणूस चांगला होता. मुलांवर ओरडायचा नाही. त्यांनी केसरला आरशासमोर बसवलं, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि ‘आ’ म्हटलं. मग पेटती मेणबत्ती तिच्या ओठांपुढे धरून ‘प’ म्हणत ज्योत हलवून दाखवली. केसरला तो खेळ वाटला. ती फुंकर मारून हसली.

“होईल,” मास्तर म्हणाले. “वेळ लागेल, पण होईल. मात्र आजपासून एक गोष्ट. घरात खुणा बंद. तुम्ही हातानं काही सांगायचं नाही आणि तिनं हातानं मागितलेलं द्यायचं नाही. तहान लागली तर तोंडानं मागू दे. खुणा चालू ठेवल्यात तर ही जन्मभर मुकीच राहील, आणि त्याला जबाबदार तुम्ही असाल.”

शेवटचं वाक्य त्यांनी जनीकडे बघून म्हटलं.

वैशाखातली एक दुपार होती. अंगणात वाळत घातलेला जवळा उलथून झाला होता. केसर खेळून आली आणि हाताची ओंजळ तोंडाशी नेली. पाणी. जनीनं तांब्या उचलला, पण दिला नाही. ओठ मिटून, उघडून दाखवले. “पाऽणी. म्हन, पाऽणी.” केसरनं पुन्हा ओंजळ केली. जनीनं मान हलवली. पोरीला कळेना की रोज कळणारी खूण आईला आज का कळत नाही. तिनं लुगडं ओढलं, मग चिमटा काढला, मग हंड्याला मिठी मारून रडायला लागली.

रडणं ऐकून ठमाबाई दारात आल्या. “अगो जने, वैऱ्याच्या पोरालाबी कोनी पान्याला नाय म्हनत न्हाय.”

“तिच्या बऱ्यासाठीच करतंय मी,” जनी म्हणाली. आणि तिनं पुन्हा ओठ मिटून, उघडून दाखवले.

शेवटी रडता रडता केसरच्या ओठांतून ‘प’सारखं काहीतरी फुटलं आणि जनीनं घाईघाईनं तांब्या तिच्या तोंडाला लावला. पोर घटाघटा प्यायली. पिताना तिची नजर तांब्याच्या काठावरून आईवर होती. ती नजर जनीला पुढं कितीतरी वर्षं आठवायची.

असं दोन वर्षं चाललं. पंधरा दिवसांनी मुंबईची वारी, त्या दिवशी होडी किनाऱ्यावर आणि बाजार बुडालेला. फीपायी आधी जनीच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या गेल्या. मग हरेश्वरनं होडीतला आपला वाटा भावाला विकला आणि त्याच होडीवर तो खलाशी म्हणून जायला लागला. भावाला वाईट वाटलं, पण हरेश्वर म्हणाला, “होडी परत घेता येईल रे. पोरीचं वय परत येनार हाय का?”

एवढं करून केसर एक शब्द शिकली. मास्तरांच्या खोलीत, त्यांचा हात हनुवटीखाली असताना, ती ‘पाई’ असं काहीतरी म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा माडीवरच्या सगळ्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या. सरकून बसणारी ती बाईसुद्धा रडली. घरी मात्र तिला तहान लागली तरी तो शब्द यायचा नाही, आणि आलाच तर भाकरीलाही ‘पाई’ आणि चपलेलाही ‘पाई’. जनीला कळलं की पोरीच्या लेखी तो शब्द म्हणजे पाणी नव्हतंच. तो मोठ्यांना खूश करायचा एक आवाज होता.

तिनं हे मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “घरी सराव कमी पडतोय. त्यात पावसाळ्यात लाँच बंद झाली की तुमचा तीन महिने खंड. आईनंच हयगय केली तर मी काय करणार?”

रोज पहाटे आरसा आणि मेणबत्ती घेऊन बसणारी जनी पोरीचा हात धरून उठली. उतरताना जिन्यात नवऱ्याला म्हणाली, “मी अजून काय करू ते तरी त्यांना इचारा.”

त्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, हरेश्वर ओटीवर जाळं सांधत बसलेला. भाच्यानं खाडीतली मोठी चिंबोरी, हाताएवढा खेकडा, आणून दिली. केसरला चिंबोऱ्यांचं भारी वेड. हरेश्वरनं तिला खांदा हलवून जवळ बोलावलं आणि टोपली उघडली. पोरीचा चेहरा उजळला. दोन्ही हात वर आले, बोटं नांगीसारखी वाकली, आणि तेवढ्यात तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. झटक्यात दोन्ही हात पाठीमागं लपवले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

हरेश्वरनं टोपली तशीच बंद केली.

“जने,” त्यानं हाक मारली. “ही मना भितंय.”

“आपल्या दोघांनाबी,” जनी आतून म्हणाली. “तुमाला आज दिसलं.”

हरेश्वरनं टोपली बाजूला सारली. मग त्यानं आपली जाडजूड, मिठानं चिरलेली बोटं वाकवली आणि चिंबोरी केली. केसर बघत राहिली. तिचा विश्वास बसेना. त्यानं ती चिंबोरी जमिनीवरून तिरपी तिरपी चालवत आणली आणि त्या नांगीनं स्वतःचंच नाक पकडलं. केसर हसली. मोठ्यानं, घशातून, पूर्वीसारखी हसली. मग पाठीमागचा एक हात हळूच पुढं आला.

जनी दारात उभी राहून बघत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला नाही. तिला राग आला होता, मास्तरांचा, नवऱ्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

नारळी पुनवेनंतर लाँच सुरू झाली. हरेश्वर म्हणाला, “आता जायचंच न्हाय, संपलं.” पण जनी हटून बसली. “सांगून यायचं. दोन वरसं आपन त्यांचं ऐकलं, एक डाव त्यांनी आपलं ऐकावं.”

माडीवर तिनं केसरला आरशापुढं बसवलंच नाही. उभ्या उभ्या विचारलं, “मास्तर, माझी पोर बोलेल का? नुसता शब्द न्हाय. माझ्याशी बोलेल? भांडंल?”

मास्तरांनी चष्मा काढला. “काही मुलं बोलतात. सगळी नाही. तुमची बोलेल की नाही, हे मला सांगता येत नाही.”

“मग पयल्या दिवशी ‘होईल’ का म्हनलात?”

“तसं म्हटलं नाही तर आईबाप जिना चढत नाहीत हो,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. “आणि ज्या मुलाला बोलता आलं असतं, तेही मग राहून जातं.”

“तुमी लबाड न्हाय, मास्तर,” जनी म्हणाली. “पन माझी पोर हातांनी बोलत व्हती. ते तुमी बंद करायला सांगितलं आनि मी बंद केलं. आता ती माझ्याशी काहीच बोलत न्हाय. मना तिचं ते बोलनं परत पायजे.”

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनी नेहमीप्रमाणे केसरला बिस्कीट दिलं आणि त्या दिवशीची फी घेतली नाही.

होडीतला वाटा काही परत आला नाही. हरेश्वर शेवटपर्यंत भावाच्या होडीवर खलाशीच राहिला. केसरचे हात मोकळे व्हायलाही वर्ष गेलं. आधी ती फक्त ठमाबाईंशी बोलायची, कारण त्यांनी खुणा कधी बंदच केल्या नव्हत्या. मग बापाशी. आईशी सगळ्यात शेवटी. जनीनं वाट पाहिली, घाई केली नाही.

हळूहळू सगळ्या वाडीला ते बोलणं येऊ लागलं. सोळाव्या वर्षी केसर अलिबागच्या बाजारात टोपली घेऊन बसायला लागली. भाव बोटांनी सांगायची, आणि कुणी फारच पाडून मागितलं तर असा चेहरा करायची की गिऱ्हाईक लाजून पुढं सरकायचं.

सहासष्ट साली थेरोंडा गावच्या रतनचं तिला मागणं आलं. मुलगा बोलता-ऐकता होता, त्यानं तिला बाजारात पाहिलं होतं. जनीनं हुंडा, मानपान, कशाचीच बोलणी केली नाहीत. रतनच्या आईला, येसूबाईला, ती म्हणाली, “आमची पोर तुमच्या घरात एकटी पडता कामा नये. तुमी आधी तिचं बोलनं शिका. मग लगीन.”

वाडीतल्या लोकांना वाटलं, मोडली सोयरीक. मुलाच्या आईला कुणी अशी अट घालतं का? येसूबाई तोंड पाडूनच परत गेली. पण पुढच्या आठवड्यात कापडाचं गाठोडं घेऊन ती साखरला हजर. “तुमच्याकडं ऱ्हाते चार दिस,” म्हणाली. “रतन तर शिकलाय कवाच, चोरून. मीच अडानी.”

पहिल्या दिवशी ओटीवर तिला ‘जेवलीस का’ हे केसरला विचारायचं होतं. तिनं हात तोंडाशी नेण्याऐवजी घाबरून मूठ वळून पुढं केली, आणि ती खूण ‘मारामारी केलीस का’ अशी झाली. केसर क्षणभर बघतच राहिली. मग भिंतीला टेकून पोट धरून हसायला लागली, आणि होणाऱ्या सासूचा हात हातात घेऊन तिनं तो तोंडाजवळ नीट नेऊन दाखवला.