कडुनिंबाला दर रविवारी पाव फेरा

थांबा, बाकी सगळं नंतर, हे आत्ताच सांगायचंय. सकाळी ग्रुपवर एक फोटो आला. जुन्या आंब्याला झोपाळा, फांदीभोवती लोखंडी साखळी आवळलेली, खाली लिहिलंय, ‘एकदम मजबूत’. मजबूत म्हणे. मला डायरेक्ट आमचे बाबा आठवले.

झाशीला आमच्या रेल्वे क्वार्टरसमोर कडुनिंब होता, क्वार्टरपेक्षा म्हातारा. मी दहा वर्षांची. झोपाळा पाहिजे म्हणून चार दिवस जेवताना तोंड फुगवून बसले, तेव्हा बाबांनी मीटिंग बोलावली. बाबा वॅगन दुरुस्तीत फिटर, शेजारचे दोन्ही काका पण फिटर. एका झोपाळ्याला तीन फिटर. व्हरांड्यात खडूनं फांदीचं ड्रॉइंग काढलं आणि त्यावर तासभर भांडले. मान वर करून झाडाकडे कोणी बघितलं नाही. ड्रॉइंग होतं ना.

मग दोन लोखंडी पट्ट्या अर्धगोल वाकवल्या, फांदीला दोन्हीकडून लावल्या आणि नटबोल्टनं कसल्या.

दूध घालायला टहरौली गावची अम्मा यायची. ती बादली धरून बघत उभी. म्हणाली, “भैयाजी, रस्सी डार दो, सावन बाद उतार लियो. जो लोहा काय खों?” हे लोखंड कशाला, म्हणे.

बाबा म्हणाले, “अम्मा, इसी पर मालगाड़ी चलती है.”

“तो जो पेड़ कितै जा रओ?”

आई आतून म्हणाली, “सांगा की. कुठे निघालाय कडुनिंब?”

बाबांनी ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर मी आज हे टाइप करत नसते.

झोपाळा मस्त होता, खोटं कशाला बोलू. पण दर रविवारी चहा झाला की बाबा पाना आणि हातोडी घेऊन स्टुलावर चढायचे. स्टेशनात गाडी उभी राहिली की चाकावर हातोडी मारून आवाज ऐकतात ना, तशी फांदीवर टकटक. “आवाज पक्का आहे,” म्हणायचे आणि नटाला पाव फेरा द्यायचे. नट कधीच ढिला नसायचा. कसा असेल, आत फांदी जाड होत होती. तरी पाव फेरा. न कसता रविवार गेला तर त्यांना आंघोळ राहिल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या वर्षी पाडव्याला आईनं मला कडुनिंबाची पानं आणायला पाठवलं. सगळं झाड कोवळ्या लाल पानांनी भरलेलं आणि आमची फांदी खराट्यासारखी. पट्टीच्या अलीकडे साल फुगून लोखंडावर आली होती, पलीकडे सगळं वाळलेलं. मी खाली येऊन सांगितलं तर बाबा हातोडी घेऊन निघाले. आवाज ऐकायला.

आठवड्याभरात कॉलनीतली झाडं तपासणारा माणूस आला. वर बघून म्हणाला, “सूखा है, रास्ते पर गिरेगा. पूरा कटेगा.” पूरा. एक फांदी आम्ही मारली आणि कटणार अख्खं झाड. मी रडायला लागले. तीन फिटरांनी इतकी वर्षं गाड्या सांभाळल्या, एक झाड उभं होतं ते सांभाळता आलं नाही.

बोलली अम्माच. “साब, डार सूखी है, पेड़ तो हरो है. डार काट दो.”

त्यानं परत वर बघितलं. म्हणाला, “परसों तक काट लो. नहीं तो मैं कटवाऊँगा.”

नट गंजलेले, निम्मे सालीत गेलेले. जे बाबांनी तीन वर्षं कसलं ते त्यांच्याच हातानं सुटेना. शेवटी लोखंड कापायची हॅक्सॉ लावली. मग अम्मा खालून सांगत होती आणि बाबा करवतीनं कापत होते. “पेड़ से चिपका के नईं भैयाजी, गाँठ छोड़ के.” आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी ड्रॉइंगशिवाय काम केलं.

झाड राहिलं.

त्या सावनात अम्मानं दुसऱ्या जाड फांदीवर गोणपाट घातलं, वरून सायकलचा जुना टायर, त्यावरून दोरी, मोठा ढिला फास. बाबा खाली उभे, हात शिवशिवत असणार. राखी झाली आणि ती दोरी उतरवायला आली. मी भांडले. आमचा मराठी श्रावण झाशीच्या सावनापेक्षा पंधरा दिवस मागे असतो, राखीला अर्धाच होतो. म्हटलं, “अम्मा, हमारा अभी बाकी है.”

“बिटिया, पेड़ तो इतईं को है,” म्हणाली, म्हणजे झाड तर इथलंच, आणि दोरी गुंडाळून घेऊन गेली.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, तरी राहतात झाशीतच. परवा भाजी आणायला जाताना गाडी थांबवून त्यांनी त्या कडुनिंबाच्या खोडावर बोटानं टकटक केलं. मी विचारलं काय करताय, तर म्हणे, “काही नाही.”

आता खरं सांगा. तुमच्याकडे पण कोणी झाडाला असं ‘मजबूत’ करून ठेवलंय का? आणि ते झाड आहे का अजून?