आधी बॉनेटवर हात

१२ ऑक्टोबर २००७, शुक्रवार. पितृपंधरवडा संपून सकाळी घट बसले होते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून दुपारचे डबे पोचवून आल्यावर मी व्हॅन रिकामी करायला घेतली. सीटखालून अकरा चमचे, डब्यांची तीन झाकणं आणि एक वाळलेलं लिंबू निघालं. पुढच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, चौकोनी घडी घातलेला एक कागद होता. अक्षर शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं: 'व्हॅन. मधली पिढी, शेवटचं वर्ष. सरकतं दार हट्टी, उचलून ढकलावं. बाकी स्वभावाने चांगली. घ्यावी. – बशीर.'

बशीरभाई कसबा पेठेत राहायचे. खडकीला लष्करी वर्कशॉपमध्ये गाड्या तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते लोकांना जुन्या गाड्या तपासून द्यायला लागले. ते दिवसच तसे होते. बाजारात सारखं नवं मॉडेल यायचं आणि पुण्यात दर चौथ्या दारात जुनी गाडी विकायला उभी असायची. बशीरभाई प्रत्येक गाडीच्या पिढ्या लावायचे: थोरली, मधली, धाकटी. "थोरलीचा पत्रा जाड, पण गिअर टाकताना खांदा उतरतो. मधली समजूतदार. धाकटी देखणी, पण तिच्या एका आरशाच्या किमतीत मधलीचं अख्खं दार येतं." नव्या पिढीची पहिल्या वर्षीची गाडी ते कुणालाच घेऊ देत नसत. "कंपनी अजून शिकत असते. तिच्या शिक्षणाचा खर्च आपण कशाला करायचा? जाणाऱ्या पिढीची शेवटच्या वर्षातली घ्या. तोवर सगळ्या चुका करून झालेल्या असतात."

मी त्यांच्याकडे गेले ती नव्याण्णव साली. औंधच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रोज चाळीस डबे रिक्षाने नेत होते. निम्मी आमटी रिक्षावालाच खायचा, म्हणजे त्याची सीट खायची. व्हॅन घेतल्याशिवाय धंदा पुढे सरकणार नव्हता. आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती.

पहिली व्हॅन बघायला आम्ही कोथरूडला गेलो. मालक गेटवरच हसत उभे. गाडी धुऊन पुसून ठेवलेली. बशीरभाईंनी बॉनेटवर तळहात ठेवला, दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "बरंय. येतो."

"अहो, गाडी तर बघा!"

"बघितली."

"सुरूसुद्धा केली नाहीत!"

"तुम्ही केलीत की मघाशी. आमच्यासाठी ठेवलीत कुठे?"

आणि निघालेच. मी मागोमाग. चिडले होते, कारण त्यासाठी मी एक वेळचे डबे दुसऱ्या एका डबेवालीवर सोपवले होते. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी समजावलं, "बाई, गाडीचं दुखणं थंड असताना बोलतं. वीस मिनिटं फिरवली की गप्प बसते. ज्याने फिरवून ठेवली, त्याला ते माहीत आहे. मग आपण काय विचारायचं?"

गाडी चालवून बघायची तर ते पुढे कधी बसत नसत. मागे बसायचे, डोळे मिटून. "पुढे बसलेल्याला रस्ता दिसतो. मागे बसलेल्याला गाडी कळते." निकाल देईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचं पाणीही घ्यायचे नाहीत. निकाल दिल्यावर मात्र काही पथ्य नव्हतं. सहकारनगरच्या एका बाईंना त्यांनी तोंडावर सांगितलं, "ही गाडी पुढून एक आहे आणि मागून दुसरी. अपघातानंतर जोडलेली. आम्हाला नको." बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात आतून पोहे आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बशीरभाईंनी शांतपणे बशी उचलली.

"नाही म्हणालात ना?" बाई फणकारल्या.

"गाडीला म्हणालो. पोह्यांना कुठे काय म्हणालो? लिंबू आहे का?"

त्यांनी दुसऱ्यांदा घेतले. निघताना त्या बाईंनीच त्यांचा पत्ता लिहून घेतला, पुढची गाडी घेताना लागेल म्हणून.

बशीरभाईंनी माझ्यासाठी सहा व्हॅन नाकारल्या. सातवी बघायला पितृपंधरवड्यात नेलं. "घेणारे सगळे घरी बसलेत. विकणारा एकटा पडलाय. बघायला हेच दिवस, घ्यायची घट बसल्यावर." ती घेतली. आठ वर्षं तिने कुरकुर केली नाही. चाळीसचे दीडशे डबे झाले. दार मात्र शेवटपर्यंत उचलूनच ढकलावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी ते मंडईत भेटले. हातात जड पिशवी होती, म्हणून घरी सोडते म्हटलं. सवयीने मागे बसले. कसब्यात उतरताना म्हणाले, "म्हातारी होतेय. माझ्याइतकी नाही, पण होतेय. विकाल तेव्हा मला बोलवा. पण एक सांगून ठेवतो, मी घेणाऱ्याच्या बाजूने येणार."

"माझं मीठ खाऊन?"

"पोहे खाल्ले तरी सोडलं का कुणाला?"

गेल्या वर्षी रमजान ईदच्या आदल्या आठवड्यात बशीरभाई गेले. आणि आता व्हॅन विकायची वेळ आली होती. वर्षभर ती सकाळी सुरू केली की मिनिटभर निळा धूर सोडायची आणि इंजिन खडखडायचं. मग ठीक. हे गिऱ्हाईक गेलं, तर दसऱ्याला ठरवलेला मोठा टेम्पो हातचा जात होता, आणि टेम्पोशिवाय हिंजवडीचं नवं काम पेलणार नव्हतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने न विचारता सल्ला दिला, "ताई, माणूस यायच्या आधी स्वारगेटपर्यंत एक चक्कर मारून आणा. कळणारसुद्धा नाही."

कळलं नसतं, हे मलाही माहीत होतं. मी कागदाची घडी घालून परत कप्प्यात ठेवली आणि गाडी पुसली.

शनिवारी सकाळचे डबे मी रिक्षाने पाठवले. आठ वर्षांत पहिल्यांदा. साडेनऊला एक तरुण आला, अमरावतीकडचा, कंपनीत नोकरी. आईवडील आणि जुळी पोरं एका गाडीत मावायला हवीत म्हणाला. हातात इंटरनेटवरून छापलेले सात-आठ कागद.

"काकू, याच्यात लिहिलंय की या जनरेशनचं इंजिन बेस्ट आहे."

"असेल. आधी इथे हात ठेवा."

त्याने बिचकत बॉनेटवर हात ठेवला. "थंड आहे."

"थंडच हवं. आता सुरू करा."

निळा धूर गल्लीभर झाला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी आपटून लावली.

"हे मिनिटभर असं राहतं," मी म्हटलं. "वर्ष झालं. पुढेमागे इंजिनचं काम निघेल, ते धरून भाव बोला. दार उचलून ढकलायचं. बाकी स्वभावाने चांगली आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, तुम्हाला विकायची आहे ना?"

"आहे. चला, चक्कर मारू."

त्यालाच चालवायला सांगून मी मागे जाऊन बसले आणि डोळे मिटून घेतले. सारसबागेला वळसा घालून परत आलो तेव्हा खडखड थांबलेली होती. त्याने भाव बराच पाडला, मी थोडा चढवला. शेवटी म्हणाला, "घेतो."

मग मी आत जाऊन पोहे भिजवले.