जिनिंगमधली रांग

ताज्या सरकीला उबदार, किंचित तेलकट वास असतो. वडवणीच्या रस्त्यावरच्या त्या जिनिंगच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकातून आत शिरले, तेव्हा आधी तो वास भेटला आणि मग माणसे. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात कविता शिकवणारी मी तिथे दुभाषी म्हणून गेले होते. इथला कापूस अनेक हातांतून फिरत एका परदेशी कपडे कंपनीकडे पोहोचतो. कामगारांना नीट वागवले जाते ना, हे पाहायला त्या कंपनीची एक अधिकारी वर्षातून एकदा येते. यंदा तिच्या इंग्रजीला मराठी देण्याचे काम माझ्याकडे आले.

जिनिंग त्या दिवशी न्हाऊनमाखून उभी होती. कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांच्या तोंडावर नवे मास्क होते, घड्या न मोडलेले. कापसाचे तंतू तेवढे कुणाचे ऐकत नव्हते; ते सगळ्यांच्या भुवयांवर खुशाल बसले होते.

मागच्या खेपेला स्वच्छतागृहाची कोरी करकरीत फरशी पाहून पाहुणीने शंका घेतली होती, की हे कुणी वापरते तरी का? म्हणून यंदा मुकादमाने सकाळीच बायांना फर्मावले होते : आज दार उघडे आहे, जायचे.

आणि बाया गेल्या. सगळ्याच. एरवी कामावर येताना पाण्याचा घोटही टाळणाऱ्या या बायांनी उघड्या दाराच्या भरवशावर तांबेच्या तांबे रिचवले होते. मुकादम आम्हाला कौतुकाने तिकडे घेऊन गेला, तर रांग सरकीच्या ढिगाला वळसा घालून पार फाटकाकडे निघालेली. बांगड्या किणकिणत होत्या, पाय चुळबुळत होते.

"ए, आटप की गं! आत संसार मांडलास का?" मागून कुणी ओरडली.

"थांब की! रोज कुठं मिळतंय?" आतून उत्तर आले आणि रांगभर हसू पसरले.

एवढी गर्दी का, असे पाहुणीने विचारले. मी ते बायांना विचारण्याआधीच मुकादम म्हणाला, "थंडी लई हाय ना, मॅडम."

रांगेतून एक गरोदर बाई पुढे आली. "थंडी कशाची? रोज कुलूप असतंय. बाया आत गेल्या की काम थांबतंय म्हनं. आज तुमी येनार म्हनून उघडलंय. डॉक्टरीनबाई म्हनती, पानी पी, न्हाईतर लेकराला धोका हाय. अन् मी दिसभर घसा कोरडा ठेवते."

मुकादम माझ्या कानाशी वाकला. "ताई, सगळंच इंग्रजीत सांगायचं नसतंय."

वर्गात मी शब्द गाळायला शिकवते. तिथे एकही गाळला नाही.

पाहुणीचा चेहरा उतरला. दार कायम उघडे असावे हा कंपनीचा नियमच आहे, असे तिने सांगितले.

"नियम तुमचा हाय, तर चावी यांच्याजवळ काहून?" त्या बाईने विचारले.

प्रश्न इंग्रजीत सहज उतरला. पाहुणीने चावीसाठी मुकादमापुढे हात केला. त्याने खिसे चाचपण्याचे बरेच नाटक केले आणि शेवटी चावीसकट कुलूप काढून दिले. तिने ते सरळ आपल्या पर्समध्ये टाकले. कापूस आम्ही घेतो, तेव्हा हे दारही आमच्याच जबाबदारीत आहे, ती म्हणाली. आणि यापुढे चौकशीचा फोन शेठच्या कचेरीत न करता या बाईलाच करीन, असे सांगून तिचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतला.

"कुलपं काय, बाजारात ढिगानं मिळतेत," मुकादम पुटपुटला. हे मी इंग्रजीत सांगेपर्यंत तो शेठकडे सटकला होता.

पाहुणीची गाडी गेली. बाया कामाला लागल्या. ती गरोदर बाई माठापाशी उभी राहून गटागटा पाणी पीत होती, थेंब हनुवटीवरून पदरावर ओघळत होते. मी हळूच विचारले, "उद्या यांनी नवं कुलूप लावलं तर?"

तिने तोंड पुसले, कापसाच्या ढिगापाशी बसलेल्या आपल्या सोबतिणींकडे पाहिले आणि म्हणाली,

"फोडू."